पायथनच्या मेथड, मराठी मजकूर आणि पिप

पायथन इन्स्टॉल केले की भाषेबरोबर तिची स्टँडर्ड लायब्ररीही संगणकावर येते. मजकूर, तारखा, फाइली, सीएसव्ही, जेसन, झिप, एसक्यूलाइट डेटाबेस अशा रोजच्या कामांची मॉड्यूल तिच्यात तयार असतात आणि ती वापरायला इंटरनेटही लागत नाही. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये पहिली आवृत्ती बाहेर काढलेल्या या भाषेचे ‘बॅटरीसकट’ हे जुने बिरुद त्यावरूनच आले. म्हणून एखाद्या कामासाठी बाहेरचे पॅकेज शोधण्याआधी ते काम लायब्ररीत आधीच झालेले आहे का, हे पाहणे फायद्याचे ठरते. मात्र मेथडच्या नावावरून तिचे काम गृहीत धरले की चूक होते, आणि मजकूर देवनागरीत असेल तर ती चूक लवकर लक्षातही येत नाही, कारण पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुतेक रोमन अक्षरांतली असतात. (पुढे मेथड, मॉड्यूल आणि कमांड यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.)

मजकुराच्या मेथड

पायथनमध्ये एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलत नाही. ‘रिप्लेस’, ‘स्ट्रिप’, ‘लोअर’ या मेथड मूळ स्ट्रिंगला हात लावत नाहीत, नवी स्ट्रिंग परत देतात. ती एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवली नाही तर केलेले काम वाया जाते आणि एररही येत नाही. लिस्टचे उलटे आहे. लिस्टची ‘सॉर्ट’ मेथड त्याच लिस्टचा क्रम बदलते आणि परत ‘नन’ देते; म्हणून ‘नावे = नावे.सॉर्ट()’ असे लिहिणाऱ्याच्या हातात लिस्टऐवजी ‘नन’ येते. मूळ लिस्ट जशीच्या तशी ठेवून क्रम लावलेली नवी लिस्ट हवी असेल तर ‘सॉर्टेड’ हे फंक्शन वापरावे.

‘स्ट्रिप’ आणि तिच्या दोन बहिणी ‘एलस्ट्रिप’ व ‘आरस्ट्रिप’ यांना कंसात काही दिले नाही तर त्या टोकाची रिकामी जागा काढतात. कंसात मजकूर दिला तर मात्र तो मजकूर शब्द म्हणून घेतला जात नाही, सुट्या चिन्हांचा संच म्हणून घेतला जातो. ‘श्री श्रीरंग’ या नावामागचे ‘श्री’ काढण्यासाठी एलस्ट्रिपला ‘श्री’ आणि एक स्पेस दिली, तर संचात श, हलन्त, र, दीर्घ ईची वेलांटी आणि स्पेस अशी पाच चिन्हे जातात. डावीकडून यांपैकी कोणतेही चिन्ह दिसत राहील तोवर कापणे चालूच राहते. पहिले ‘श्री’ जाते, स्पेस जाते, श्रीरंगमधले ‘श्री’ जाते, त्यापुढचा रही जातो, आणि शेवटी नुसता अनुस्वार व ग एवढे उरते. हीच गफलत टाळण्यासाठी ३.९ आवृत्तीत ‘रिमूव्हप्रिफिक्स’ आणि ‘रिमूव्हसफिक्स’ या दोन मेथड आल्या. त्या दिलेला मजकूर अखंड धरतात आणि एकदाच काढतात. फाइलच्या नावामागचे एक्स्टेन्शन काढण्यासाठी आरस्ट्रिप वापरलेला जुना कोड अजूनही ठिकठिकाणी आढळतो. तो दिसला की बदलावा.

कंस रिकामा ठेवलेली स्ट्रिपही सगळे काढत नाही. साधी स्पेस, टॅब, नवी ओळ आणि वेबवरून चिकटून येणारी न तुटणारी स्पेस ती काढते. पण देवनागरीत जोडाक्षरांसाठी वापरली जाणारी शून्य रुंदीची जोडचिन्हे युनिकोडच्या हिशेबात स्पेस नाहीत, त्यामुळे ती तशीच राहतात. दिसायला एकसारखी असलेली दोन नावे समान नाहीत असे पायथन सांगते, तेव्हा पहिला संशय या न दिसणाऱ्या चिन्हांवर घ्यावा.

‘स्प्लिट’चीही दोन रूपे आहेत. रिकाम्या कंसाची स्प्लिट सलग आलेल्या कितीही स्पेस एकच मानते आणि टोकाच्या सोडून देते. कंसात स्पेस दिली तर प्रत्येक स्पेसला तुकडा पडतो आणि दोन स्पेस लागोपाठ असतील तर मध्ये रिकामी स्ट्रिंग येते. हाताने टाइप केलेल्या मजकुरासाठी पहिले रूप, ठरावीक विभाजक असलेल्या नोंदीसाठी दुसरे. पहिल्याच विभाजकापाशी दोन भाग करायचे असतील, जसे ‘तालुका: जुन्नर’, तर ‘पार्टिशन’ अधिक भरवशाची, कारण विभाजक सापडला नाही तरी ती तीनच भाग परत देते.

‘लेन’ हे फंक्शन अक्षरे मोजत नाही, युनिकोड चिन्हे मोजते. ‘मराठी’ या शब्दाची लांबी ते ५ सांगते: म, र, काना, ठ, वेलांटी. ‘श्री’ची लांबी ४. तोच ‘मराठी’ शब्द यूटीएफ-८ मध्ये एन्कोड केला तर १५ बाइट होतात, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह त्यात तीन बाइट घेते. फॉर्ममधील रकान्याची मर्यादा, एसएमएसची लांबी, डेटाबेसमधील जागा यांसाठी यांपैकी नेमका कोणता आकडा हवा ते आधी ठरवावे. मजकूर मध्येच कापतानाही हेच लक्षात ठेवावे. पहिली दोन चिन्हे घेतली तर ‘श्री’चे ‘श्’ होते.

काना-मात्रा ही युनिकोडमध्ये अक्षरे नसून जोडचिन्हे असल्याचा परिणाम आणखी दोन ठिकाणी होतो. ‘इझअल्फा’ ही मेथड ‘मराठी’ या शब्दाला ‘फॉल्स’ म्हणते. नाव फक्त अक्षरांचे आहे का हे तपासण्यासाठी ती लावली तर काना-वेलांटी असलेले प्रत्येक मराठी नाव नाकारले जाते. मगर आणि कमल एवढेच पास होतात. गंमत म्हणजे त्याच शब्दाला ‘इझआयडेंटिफायर’ ‘ट्रू’ म्हणते, कारण पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचे नाव देवनागरीतही चालते. दुसरे ठिकाण म्हणजे ‘आरई’ मॉड्यूल. शब्द वेचण्यासाठी सर्रास वापरला जाणारा उलट्या तिरप्या रेघेचा ‘डब्ल्यू’ मराठी शब्द कान्यापाशी तोडतो आणि ‘मराठी’तून ‘मर’ व ‘ठ’ असे दोन तुकडे काढतो. मराठी मजकुरातील शब्द मोजणाऱ्या प्रोग्रामचे निकाल चमत्कारिक आले तर बहुधा हेच कारण असते. यावर साधा उपाय असा की देवनागरीचा पूर्ण पट्टा, म्हणजे युनिकोड ०९०० ते ०९७एफ, पॅटर्नमध्ये स्वतः लिहावा आणि त्यातून दंड वगळावेत. दुसरा उपाय बाहेरचे ‘रेजेक्स’ पॅकेज. त्याच्या ‘डब्ल्यू’मध्ये जोडचिन्हेही धरलेली असतात, आणि मोठ्या ‘एक्स’ या खुणेने ‘मराठी’चे म, रा, ठी असे तीन भागही मिळतात.

अंकांच्या बाबतीत मात्र पायथन उदार आहे. ‘इंट’ला ‘१२३’ हे देवनागरी अंक दिले तर ते निमूटपणे संख्या बनवते, ‘फ्लोट’ही तसेच. रूपांतराआधी तपासणी करायची तर ‘इझडेसिमल’ वापरावी. ‘इझडिजिट’ वर्गाच्या चिन्हातील लहान २लाही होकार देते आणि त्यानंतर ‘इंट’ एरर देते. उलट दिशेने, म्हणजे संख्या देवनागरी अंकांत छापण्यासाठी, ‘मेकट्रान्स’ने दहा अंकांची जोडी एकदाच तयार करून ‘ट्रान्सलेट’ला द्यावी, दहा वेळा ‘रिप्लेस’ लिहिण्याचे कारण नाही. स्वल्पविरामांचे मात्र जपून. फॉरमॅटमध्ये स्वल्पविराम मागितला तर पायथन तीन-तीन अंकांचे गट पाडते. लाख-कोटींची आपली मांडणी हवी असेल तर छोटे फंक्शन स्वतः लिहावे लागते.

एकच शब्द, वेगळी साठवण

‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र तीन प्रकारे साठवलेला सापडतो. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह असते, दुसऱ्यात र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हे, तिसऱ्यात र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखे, तुलना केली तर तिन्ही वेगळे. ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधील ‘नॉर्मलाइज’ला ‘एनएफसी’ हे रूप मागितले तर पहिले दोन एक होतात. तिसरा तसाच राहतो. ‘ॲ’चेही तसेच आहे: एक स्वतंत्र चिन्ह, आणि दुसरे अ वर चंद्र ठेवून बनवलेले. युनिकोडच्या नियमांत ही दोन समान मानलेली नाहीत, म्हणून नॉर्मलाइज त्यांना जुळवत नाही. निरनिराळ्या की-बोर्डवरून आलेला मजकूर एकत्र करायचा असेल तर आधी नॉर्मलाइज, मग ‘ॲ’ आणि अर्ध्या र साठी दोन-तीन रिप्लेस, असे एक फंक्शन सुरुवातीलाच लिहावे आणि आत येणारा प्रत्येक मजकूर त्यातून न्यावा. मतदार याद्या, ग्रंथसूची, दुकानाची ग्राहकनोंद अशा कामांत दुबार नोंदी पकडण्याचे निम्मे काम तिथेच होते.

क्रम लावताना आणखी एक पेच येतो. ‘सॉर्टेड’ युनिकोड क्रमांकाप्रमाणे लावते आणि तो क्रमांक मराठी वर्णमालेशी सगळीकडे जुळत नाही. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी बसवलेला आहे. मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून कोशात ‘फवारा’ आधी आणि ‘फळ’ नंतर येईल, पण पायथन उलटे लावते. ‘ॲ’ला तर इतक्या मागचा क्रमांक मिळाला आहे की ‘ॲप’ हा शब्द ‘हत्ती’च्याही नंतर येतो. सॉर्टेडला ‘की’ म्हणून एक फंक्शन देता येते. चिन्हांची मराठी क्रमाने एक यादी करून प्रत्येक चिन्हाच्या जागी त्याचा यादीतील क्रमांक देणारे फंक्शन दहा-बारा ओळींत होते आणि बहुतेक याद्यांना पुरते. क्ष, ज्ञ कुठे बसवायचे यावर कोशांमध्येच एकमत नाही, ते आपल्या कामापुरते ठरवावे. काटेकोर कोशक्रम हवा असेल तर ‘पायआयसीयू’ हे बाहेरचे पॅकेज मराठीचे नियम ओळखते. पायथनची सॉर्ट स्थिर आहे, म्हणजे समान ठरलेल्या नोंदींचा आधीचा क्रम ती मोडत नाही. त्यामुळे आधी गावाने आणि मग आडनावाने लावले तर प्रत्येक आडनावाखाली गावे क्रमानेच राहतात.

फाइली

फाइल उघडताना एन्कोडिंग लिहिण्याचा कंटाळा करू नये. विंडोजवर बराच काळ पायथन संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे एन्कोडिंग ठरवत आले आहे. लिनक्सवर नीट चालणारा प्रोग्राम विंडोजवर मराठी फाइलपाशी कोसळतो किंवा अक्षरांचा कचरा छापतो, तो यामुळे. ‘ओपन’ असो की ‘पाथलिब’मधील ‘रीड टेक्स्ट’, दर वेळी यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहावे. ‘पाथलिब’ ३.४ आवृत्तीपासून लायब्ररीत आहे आणि स्ट्रिंग जोडून पत्ते बनवण्यापेक्षा केव्हाही बरे; ‘स्टेम’, ‘विथ सफिक्स’, ‘आरग्लॉब’ एवढ्या तिघांवर बरेच भागते.

एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून जतन केलेल्या सीएसव्ही फाइलच्या तोंडाशी एक अदृश्य खूण असते. ती पहिल्या रकान्याच्या शीर्षकाला चिकटते आणि ‘नाव’ हा रकाना समोर दिसत असूनही ‘डिक्टरीडर’ तो नाही म्हणतो. वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ दिले की खूण गळून पडते. एक्सेलसाठी फाइल लिहितानाही तेच द्यावे, नाहीतर डबल क्लिक करून उघडणाऱ्याला मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. सीएसव्ही उघडताना ‘न्यूलाइन’ला रिकामी स्ट्रिंग दिली नाही तर विंडोजवर एकाआड एक ओळी रिकाम्या पडतात. ‘जेसन.डम्प्स’ला ‘एन्शुअर अस्की’ फॉल्स सांगितले नाही तर मराठी मजकूर ‘यू’ आणि चार अंकांच्या सांकेतिक रूपात लिहिला जातो. वाचणाऱ्या प्रोग्रामचे काही बिघडत नाही, माणसाला मात्र ती फाइल वाचता येत नाही.

मोजणीसाठी ‘कलेक्शन्स’मधील ‘काउंटर’, गट करण्यासाठी ‘डिफॉल्टडिक्ट’ ही ओळखीची साधने. तारखांसाठी ‘झोनइन्फो’ ३.९ पासून आहे. भारतीय वेळ ‘एशिया/कोलकाता’ या नावाने मिळते, विंडोजवर त्यासाठी ‘टीझेडडेटा’ पॅकेज घ्यावे लागते.

लायब्ररीतून वस्तू जातातही. जुन्या पद्धतीने पॅकेज बांधणारे ‘डिस्टयूटिल्स’ ३.१२ मध्ये काढले गेले. ‘सीजीआय’, ‘टेलनेटलिब’, ‘क्रिप्ट’ यांसारखी जुनी मॉड्यूल ३.१३ मध्ये गेली. पायथन बदलण्याआधी त्या आवृत्तीच्या बदलांच्या पानावर ‘काढलेले’ हा भाग तेवढा तरी वाचावा. आणि स्वतःच्या फाइलला ‘सीएसव्ही.पीवाय’ किंवा ‘रँडम.पीवाय’ असे नाव कधी देऊ नये. इम्पोर्ट करताना पायथन आधी आपल्याच फोल्डरमध्ये पाहते आणि लायब्ररीऐवजी तीच फाइल उचलते.

बाहेरची पॅकेजेस

लायब्ररीत नसलेले काम पायपीआय या सार्वजनिक भांडारातून येते. ते २००३ मध्ये सुरू झाले. तिथली पॅकेजेस आणणारे साधन ‘पिप’ ३.४ पासून पायथनबरोबरच मिळते. एका संगणकावर दोन-तीन पायथन असणे नेहमीचे आहे, आणि नुसते ‘पिप’ म्हटले तर ते कोणत्या पायथनचे हे कळत नाही. म्हणून ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ असे लिहावे. पॅकेजचे भांडारातले नाव आणि इम्पोर्टचे नाव एकच असेल असे नाही. ‘पिलो’ इन्स्टॉल केले जाते पण इम्पोर्ट ‘पीआयएल’ होते, ‘सायकिट-लर्न’चे ‘एसकेलर्न’, ‘पायवायएएमएल’चे ‘वायएएमएल’. एरर संदेशातले नाव तसेच पिपला देण्याची सवय धोक्याची आहे, कारण प्रसिद्ध पॅकेजच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन घातक कोड चढवण्याचे प्रकार भांडारात होत आले आहेत. नाव प्रकल्पाच्या अधिकृत माहितीपानावरून घ्यावे.

प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट असावे. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘पायथन -एम व्हेन्व .व्हेन्व’ ही कमांड दिली की वेगळे फोल्डर तयार होते. विंडोजवर त्यातील ‘स्क्रिप्ट्स’मधून आणि लिनक्स-मॅकवर ‘बिन’मधून ‘ॲक्टिव्हेट’ चालवायचे. हे फोल्डर दुसरीकडे हलवू नये, गिटमध्येही चढवू नये. त्याच्या आत संगणकावरचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. मोडले तर पुसून नवे करणे सोपे. डेबियन १२ आणि उबंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पिप थेट चालवले तर ‘हे पायथन बाहेरून सांभाळले जाते’ अशा अर्थाची एरर येते. अडवणूक वाटली तरी ती योग्य आहे, कारण त्या पायथनवर ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची साधने चालतात. तो अडसर जबरदस्तीने ओलांडण्याचा पर्याय पिपमध्ये आहे. तो वापरू नये. कमांड लाइनवरचे एखादे साधन सगळीकडे हवे असेल तर त्यासाठी ‘पिपएक्स’ आहे.

इन्स्टॉल करणे म्हणजे नोंद करणे नव्हे. पिप पॅकेज आणते, पण प्रकल्पाला त्याची गरज होती हे कुठेही लिहून ठेवत नाही. ‘पिप फ्रीझ’ एन्व्हायर्नमेंटमधील सगळ्या पॅकेजांची नेमक्या आवृत्तीसह यादी देते, त्यात आपण मागितलेली आणि त्यांच्या मागोमाग आलेली एकत्र असतात. दुसऱ्या संगणकावर हुबेहूब तेच उभे करायला ही यादी चांगली. प्रकल्पाला मुळात काय लागते हे त्यावरून कळत नाही. म्हणून मूळ गरजा ‘पायप्रोजेक्ट.टॉमल’ या फाइलमध्ये हाताने लिहाव्यात आणि फ्रीझची यादी वेगळी ठेवावी. आवृत्ती लिहिताना दोन बरोबरच्या चिन्हांनी नेमकी एकच मागता येते, लाटेच्या चिन्हाने सुसंगत पट्टा मागता येतो: ‘~=२.४’ म्हणजे २.४ किंवा पुढची, पण ३ च्या आतली. इतरांनी वापरायच्या पॅकेजमध्ये नेमकी आवृत्ती बांधून टाकू नये. दुसऱ्या पॅकेजने वेगळी मागितली की दोन्ही एकत्र बसत नाहीत. ‘यूव्ही’ आणि ‘पोएट्री’ ही साधने नोंद व कुलूपबंद यादी दोन्ही सांभाळतात. चार जणांच्या प्रकल्पात ती सोयीची पडतात. एकट्याच्या छोट्या स्क्रिप्टला व्हेन्व आणि पिप पुरे.

पॅकेज दोन रूपांत येते. ‘व्हील’ हे तयार रूप, ते उघडून जागेवर ठेवायचे एवढेच. दुसरे मूळ कोडचे रूप, ते आपल्या संगणकावर बांधावे लागते. पायपीआयला सुरुवातीच्या काळात चीजचे दुकान म्हणत, आणि व्हील हे नाव चीजच्या चाकावरून आले आहे. हा फरक कळतो तो इन्स्टॉल अडले की. शुद्ध पायथनचे व्हील कुठेही चालते, सी किंवा सी++ असलेल्याचे व्हील पायथनची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसर पाहून वेगवेगळे बनते. आपल्या जोडीचे व्हील नसेल तर पिप मूळ कोड उतरवून बांधायला घेते आणि कंपायलर नसेल तर लांबलचक एरर देऊन थांबते. पायआयसीयूसारख्या, खाली सी++ लायब्ररी लागणाऱ्या पॅकेजात हे घडू शकते. अशा वेळी आधी पायथनची आवृत्ती तपासावी. ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती आली की सगळ्या पॅकेजांची व्हील त्याच दिवशी तयार नसतात; एक पाऊल मागची आवृत्ती घेतली की बरेचदा काम होते.

स्वतःचे पॅकेज बनवण्यासाठीही पायप्रोजेक्ट.टॉमल हीच फाइल लागते. तिच्या एका भागात बांधणारे साधन, दुसऱ्यात नाव, आवृत्ती, लागणारे पायथन आणि गरजा. कोड ‘एसआरसी’ नावाच्या फोल्डरखाली ठेवावा, म्हणजे चाचण्या इन्स्टॉल केलेल्या पॅकेजवरच चालतात, योगायोगाने शेजारी पडलेल्या फाइलवर नाही. काम चालू असताना ‘-ई’ जोडून इन्स्टॉल केले की प्रत्येक बदलानंतर पुन्हा इन्स्टॉल करावे लागत नाही. मराठी शब्दांची यादी किंवा वर्णक्रमाची फाइल पॅकेजबरोबर द्यायची असेल तर ती ‘इम्पोर्टलिब.रिसोर्सेस’मधून वाचावी, चालू फोल्डरचा पत्ता धरून वाचली तर लेखकाच्या संगणकावर चालते, दुसऱ्याकडे नाही. ती फाइल व्हीलमध्ये खरोखर गेली का हेही पाहावे. व्हील ही झिप फाइलच असते, उघडून आत डोकावता येते.

‘बिल्ड’ चालवले की ‘डिस्ट’ फोल्डरमध्ये दोन्ही रूपे तयार होतात. ती आधी नव्या, कोऱ्या व्हेन्वमध्ये इन्स्टॉल करून पाहावीत, मग ‘ट्वाइन’ने टेस्टपायपीआय या सरावाच्या भांडारात चढवावीत आणि तिथून उतरवून पुन्हा तपासावीत. खऱ्या भांडारात एकदा चढलेली फाइल त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही, पुसून टाकली तरीही नाही. आवृत्तीत दोष निघाला तर ती ‘यँक’ करून आवृत्ती क्रमांक वाढवलेली नवी फाइल द्यावी: यँक केलेली आवृत्ती नव्या इन्स्टॉलमध्ये निवडली जात नाही, पण जिथे नेमकी तीच मागितलेली आहे तिथे मिळत राहते.